पाखाळी

"निंबळ्याच्या बायांनो, ऐका गं! तुमच्या पाटलाची म्हस याली, आन पान्हा पाटलाला फुटला!"

पलीकडच्या काठावरून अनशाबाईनं वर्षाची पहिली उखाळी टाकली आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना हशा उसळला. आमचा पाटील मागं बाभळीखाली बसला होता, तोही मिशीत हसला. हलगीवाल्यानं कडकडाट केला. आता आमच्या काठानं उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर म्हणजे माझी आई. बनाबाईच्या तोंडाला तोंड देणारी बाई दोन्ही गावांत नव्हती. तिनं पदर कमरेला खोचला, घोटाभर पाण्यात गेली आणि हात नाचवत ओरडली,

"पाटलाला पान्हा फुटला, त्याचा खर्वस तुमच्याच गावानं लुटला! आन तुमचा कोंबडा मेला गं बायांनो, तवापास्नं सरपंचच आरवतो, त्योबी दुपारी उठून!"

ओढ्याच्या मधोमध खडकावर राहीआज्जी बसलेली. तिनं तांब्या बुडवला, आमच्या बाजूला पाणी ओतलं आणि म्हणाली, "धुतलं!" म्हणजे ती उखाळी फिटली. आता सरपंच पलीकडच्या हरणखोरीनं धुवायचा.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं हे असंच चालायचं. बैलांना सुट्टी, गड्यांना सुट्टी, आणि बायकांनी ओढ्यावर जाऊन घसा फोडायचा. मी तेव्हा नुकती लग्नाची झाले होते, म्हणजे ठरलं होतं. घाटावरच्या बाजीरावाशी. तो वायरमन होता, खांबावर चढायचा, दर महिन्याला पगार आणायचा. आमच्या भागात असा जावई म्हणजे देवच. तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न. त्याची आई मुद्दाम बेंदराला पाहुणी म्हणून आली होती आणि माझ्याशेजारी दगडावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. तिला ही रीत नवी होती.

मधे पोरींनी सगळ्यांना गूळपाणी दिलं, तेव्हा राहीआज्जी पाय शेकायला आमच्या काठावर आली. बाजीरावाच्या आईनं तिला विचारलं, "आज्जी, ह्या शिव्याच न्हवं का?"

"शिव्या कशाच्या! उखाळी म्हंजे उकरायचं. पाखाळी म्हंजे धुवायचं. देवाला पाखाळत्यात का न्हाई, तसं. एकीनं उकरायचं, दुसरीनं धुवायचं. धुतल्याबिगर कुनी घरला जायचं न्हाई."

"आन कुनी खरंच काय बोललं तर?"

आज्जी हसायची थांबली. "खरं बोलायचंच न्हाई. खऱ्याला पाखाळी नसती, बाई. आमच्या आज्ज्यांच्या वक्ताला ह्या ओढ्यावरनं कुऱ्हाडी चालल्या. मुडदे पडलं. तवा बायांनी ठरावलं, मनातला जाळ वरसातनं एक दिस तोंडानं काढायचा, पन समदा खोट्यात. खोटं धुता येतं."

"आन एखादीला पाखाळी सुचलीच न्हाई तर?"

"तीनदा इचारायचं. न्हाई आली, तर ते खरं धरायचं."

बाजीरावाच्या आईला फार गंमत वाटली. माझं लक्ष मात्र पलीकडच्या काठावर गेलं. तिथं अनशाबाई माझ्या बहिणीला दंडाला धरून पुढं आणत होती.

सुंद्रा माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिला ओढ्यापलीकडं, अनशाबाईच्या घरात दिली. ओढा ओलांडला की माहेर, म्हणून आम्हाला बरं वाटलं होतं. पण त्या चार वर्षांत ती ओढा किती वेळा ओलांडू शकली ते आमचं आम्हाला माहीत. मूल नव्हतं. अनशाबाई तिला धड जेवू घालत नव्हती आणि नवरा आईचा मिंधा. त्या दिवशी तिच्या डाव्या हातात एकही बांगडी नव्हती. कामात फुटल्या असतील, असं मी शेजारणीला सांगितलं. कशा फुटल्या ते मला ठाऊक होतं.

दिलेल्या पोरीनं माहेरावर उखाळी टाकू नये, ही रीत होती. अशा सुना मागं उभ्या राहायच्या आणि दोन्हीकडच्या विनोदाला हसायच्या. अनशाबाईनं तिला पुढं ओढलं तेव्हा आमच्या बायका चेष्टेनं ओरडल्या, "काय गं अनशे, तुजी जीभ दमली म्हून आमचीच लेक उसनी घेतलीस व्हय?"

अनशाबाईनं सुंद्राच्या कानाशी तोंड नेलं.

अनशाबाईला बाजीराव तिच्या लेकीसाठी, छबूसाठी हवा होता. आमच्या आधी तिनंच निरोप पाठवला होता. छबू दिसायला माझ्यापेक्षा उजवी, हे मी आजही कबूल करीन. पण बाजीरावाच्या आईनं छबूच्या हातचा चहा घेतला आणि माझ्या हातचं पिठलं खाल्लं, आणि पिठल्यानं चहाला हरवलं. तेव्हापासून अनशाबाई आमच्या घराकडं बघून थुंकायची. हे सगळं मला माहीत होतं. तरीसुद्धा सुंद्रा माझ्यावर काही टाकील असं मला वाटलं नाही. ती टाकून टाकून काय टाकणार, मी जाडी आहे, मी घोरते, एवढंच!

सुंद्रानं पदर खोचला नाही. हात नाचवले नाहीत. पाण्याकडं बघत ती बोलली, आणि तिचं बोलणं गाण्यासारखं नव्हतं, यमक नव्हतं, काही नव्हतं.

"हौसाला फेफरं येतं. चुलीपुढं पडती. तोंडाला फेस येतो. म्या डोळ्यानं बगितलंय."

हलगीवाल्यानं सवयीनं एक थाप मारली, मग त्याचा हात थांबला.

ते खरं होतं. मला चौदाव्या वर्षापासून झटके येत होते. फार नाही, वर्षातून एखाददुसरा, आणि देवाच्या दयेनं सगळे घरात. आई आणि सुंद्रा सोडून ते कुणी पाहिले नव्हते. वडिलांनासुद्धा आईनं कळू दिलं नव्हतं. शुद्ध आली की मला एवढंच कळायचं की नाकाशी कांद्याचा वास आहे आणि डोकं सुंद्राच्या मांडीवर आहे.

राहीआज्जी खडकावर परत जाऊन बसली होती. तिनं आमच्या काठाकडं बघितलं. "पाखाळी?"

माझ्यावरची उखाळी मीच धुवायला हवी होती. काहीही चाललं असतं. 'तुला बघून पडते गं बाई, एवढी देखणी तू!' असलं काहीतरी. मी अशी उत्तरं झोपेत द्यायची. पण जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. बाजीरावाच्या आईनं माझ्या हाताला धरलेला हात हळूच काढून घेतला.

"पाखाळी?" राहीआज्जीनं दुसऱ्यांदा विचारलं.

पलीकडं अनशाबाई हाताची घडी घालून उभी होती. तिच्या मागं छबू होती, नवी चोळी घालून.

तेवढ्यात माझी आई पाण्यात उतरली. घोटाभर नाही, गुडघाभर. कंबरेवर हात ठेवला आणि नेहमीच्या त्याच ठसक्यात, त्याच चालीत तिनं सुरुवात केली.

"अगं ये सुंद्रे, फेफरं कुनाचं आन नाव कुनाचं घेतीस? चुलीपुढं पडायचीस तू, कांदा हुंगवायचे मी! रातध्याड झाकलं, हळद लावून इकलं, आन ह्या अनशीच्या पदरात टाकलं! चार वर्सं झाली गं अनशे, तुज्या नाकाला वास कसा आला न्हाई?"

रीतीप्रमाणं ती फर्मास पाखाळी होती. उकरलेलं उचलून उकरणारीच्याच डोक्यावर घातलं होतं. आमच्या काठावरच्या दोघीचौघी हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या. कारण सुंद्रा आईचीच लेक होती, आणि अनशाबाई त्या घरात काय करते ते सगळ्यांना माहीत होतं.

राहीआज्जीनं पाणी ओतलं नाही. ती सुंद्राकडं वळली. "धू गं, पोरी."

सुंद्रानं फक्त 'खोटं' म्हणायचं होतं. तिनं मान वर केली आणि आईकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आईनं नजर काढली नाही. लहानपणी दुरडीत एकच भाकरी उरली की आई सुंद्राकडं अशीच बघायची. आणि सुंद्रा म्हणायची, मला भूक न्हाई.

"धू की गं," राहीआज्जी पुन्हा म्हणाली. तिचा आवाज आता विनवणीचा झाला होता.

सुंद्रा पडली.

आधी तिची मान एका बाजूला गेली, कुणी मागून हाक मारावी तशी. मग डोळे वर गेले. गुडघे वाकले नाहीत, ती सरळ आडवी पडली, अर्धी चिखलात आणि अर्धी पाण्यात. मुठी वळल्या, अंगठे आत. टाचा दगडावर आपटत राहिल्या. घशातून एक आवाज येत होता, तो माणसाचा वाटत नव्हता. तोंडाच्या कोपऱ्यातून फेस आला आणि हनुवटीवर उतरला.

मी स्वतःला कधी पडताना पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? आई सांगायची नाही, सुंद्राला विचारलं तर म्हणायची, झोपल्यावानी दिसतीस. त्या दिवशी, त्या पाण्यात, मी मला बघितलं. मान कशी जाते, दात कसे वाजतात, लुगडं गुडघ्यापर्यंत कसं सरकतं. तिनं काही म्हणजे काही विसरलं नव्हतं. सुंद्राला आयुष्यात फेफरं आलं नव्हतं. ती माझं करून दाखवत होती.

मला भयंकर किळस आली. तिची नाही, माझी.

"चप्पल आना! चप्पल हुंगवा!" कुणीतरी ओरडलं. अनशाबाईनं पायातली स्वतःची चप्पल काढली, बेंदराच्या शेणाचिखलानं भरलेली, आणि सुंद्राच्या नाकातोंडावर दाबली. दोन्ही गावं बघत होती. सुंद्राच्या टाचा थांबल्या, हात सैल पडले, तरी अनशाबाई दाबतच होती. सुंद्रानं श्वासासाठी तोंड उघडलं तेव्हा चिखल आत गेला.

"अगं बास, निवली ती!" राहीआज्जी ओरडली.

तेव्हा कुठं अनशाबाई उठली आणि तिनं बोंब मारली. "फसीवलं गं मला! रोगी पोर माज्या सोन्यासारक्या लेकाच्या गळ्यात मारली! बगा गं समद्याजनी, मायनंच कबूल केलं!" तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण आवाजात मला आनंद ऐकू आला. छबूसाठी धरलेला बाजीराव हातचा गेला होता, पण लेकाला दुसरी बायको करायला वाट मोकळी झाली होती. एका हातानं गेलं ते तिला दुसऱ्या हातानं मिळालं.

राहीआज्जीनं तांब्या हातात घेतला, पण ओतला नाही. तशीच उठून ती घरी गेली. रीतीचं शेवटचं हळदीकुंकू न होता ओढा उठला, असं पहिल्यांदाच झालं.

बाजीरावाच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "भ्यालीस व्हय गं? मला तर वाटलं, तुजंच खरं हाय का काय. म्हून गप बसलीस. बहिनीचं झाकत हुतीस न्हवं?" मी मान हलवली. मग ती आईला म्हणाली, "इहीनबाई, काळीज लई घट्ट तुमचं. पोटच्या लेकीचं उघडं केलंत."

"काय करायचं," आई म्हणाली. "एकीचं खोटं दुसरीच्या अंगावर कसं राहू द्यायचं?"

दिवेलागणीला पाहुणी परसात हातपाय धूत होती, तेव्हा मी चुलीपाशी आईला गाठलं. "आये, आक्काला कवा येत हुतं गं फेफरं?"

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "लगीन हुईस्तवर तोंड उघडलंस तर जीभ हासडीन."

"ती तितं मरंल."

"तिचं घर आज ना उद्या मोडनारच हुतं. तुजं अजून बांधायचं हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दोगी घरात बसलासा तर तुमास्नी कोन खाऊ घालनार? मी का तुजा बाप?"

आईनं त्यानंतर मरेपर्यंत या विषयावर दुसरं वाक्य उच्चारलं नाही. ती रडली असती तर मी तिला कदाचित माफ केलं असतं.

आठवड्याच्या आत सुंद्राचा नवरा तिला ओढ्यापर्यंत घेऊन आला. पाण्यात तो उतरला नाही. तिनं एकटीनं ओढा ओलांडला, बोचकं डोक्यावर. आईनं तिला जेवायला वाढलं. ती जेवली. माझ्याकडं बघून म्हणाली, "लई वाळलीस गं." मी तिच्या गळ्यात पडले, तर तिनं मला बाजूला केलं. "उष्टा हात हाय माजा," म्हणाली.

माझ्या लग्नात तिला मांडवात येऊ दिलं नाही. आईनंच तिला मागच्या खोलीत धान्याच्या कणगीपाशी बसवलं, न जाणो वऱ्हाडातली एखादी बिचकायची. निघताना मी तिला भेटायला गेले. अंगावर हळद, कपाळाला मुंडावळ्या. तिनं मला जवळ बसवलं आणि सासरी जाणाऱ्या मुलीला जे कुणी सांगत नाही ते सांगितलं.

"उपास धरू नगंस. जाग्रान करू नगंस. येयाच्या आदी तुज्या डोळ्यापुढं काय येतं का?"

"पिवळं दिसतं."

"पिवळं दिसलं की हातातलं टाक आन न्हानीत जा. कडी लाव. भुईवर आडवी हो, तोंडात पदराचा बोळा घाल. कुनी इचारलं तर म्हन, पोट बिघाडलंय. रोज पोट बिघाडलं तरी कुनी बायकू टाकत न्हाई."

ती एवढं सगळं हळू आवाजात, पाककृती सांगावी तसं सांगत होती. मी विचारलं, "आक्का, तू ओढ्यावर माजं नाव का घेतलंस?"

"अनशीनं इळा तापवून ठिवला हुता. आदल्या दिशी." तिनं चोळीची बाही जरा वर केली आणि परत खाली केली. "पैला ह्यो दिला. दुसरा गालावर देनार हुती." मग ती म्हणाली, "जा, मुहूर्त टळंल."

आता मी म्हातारी झाले. पेपरात रोज कुणी ना कुणी पुढारी दुसऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढत असतो. नातू मोठ्यानं वाचतो आणि मी म्हणते, अरे, उखाळ्या दिसतात मला, पाखाळ्या कुठं आहेत? त्याला वाटतं, आजीचं आपलं काहीतरी. शब्द जोडीनं राहिला, काम एकाचंच राहिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या बेंदराला मी माहेरी आले. सासूबाईही आल्या, त्यांना मागच्या वर्षीची मजा आठवत होती. मजाच म्हणाल्या त्या. सासरी माझं बरं चाललं होतं. बाजीराव मायेचा होता. दोनदा पिवळं दिसलं, दोनदा माझं पोट बिघडलं.

ओढा तोच, बाभळ तीच. राहीआज्जीनं सुरुवातीलाच दोन्ही काठांना बजावलं, "औंदा कुनी वंगाळ बोलायचं न्हाई." तासभर सगळं छान चाललं. आमच्या बायकांनी हरणखोरीच्या देवळाला दोन कळस लावले, दुसरा चोरीचा. त्यांनी आमच्या विहिरीत ताक काढलं. सुंद्रा आमच्या काठावर सगळ्यांच्या मागं, कपाळावर पदर ओढून उभी होती. दोन्ही शेजारणींनी तिच्यापासून हातभर अंतर ठेवलं होतं. त्यातली एक माझी सख्खी चुलती.

अनशाबाई पुढं आली. तिच्यासोबत नवी सून होती, पोट दिसत होतं. ते पोट दोन हातांनी पुढं दाखवून अनशाबाई गाऊ लागली,

"जुनी म्हस फेफरी, नवऱ्यानं हाकलली, मायनं झाकली! नवी म्हस गाभन, साऱ्या गावानं ववाळली! निंबळ्याच्या बायांनो, हुंगवायला चप्पल धाडू का गं?"

हरणखोरी हसली. आणि मला सांगायला लाज वाटते, आमच्यातल्याही काही हसल्या. फेफरी! वर्षभर दोन्ही गावांनी तिला त्याच नावानं हाक मारली होती. सुंद्रानं पदर आणखी खाली ओढला.

"पाखाळी?" राहीआज्जीनं विचारलं.

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. बनाबाई पहिल्यांदाच मुकी झाली होती.

"पाखाळी?"

मला राग आला. कळवळा नव्हता तो, राग होता, आईचा, अनशाबाईचा, त्या हातभर अंतराचा. मी हिरव्या नव्या लुगड्यासकट पाण्यात उतरले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं सूनबाई, भिजशील!" मला माहीत होतं मी काय घालवणार होते. बाजीराव, त्याचं घर, पत्र्याखालची माझी चूल. घालवायचंच म्हणून मी तोंड उघडलं.

"फेफरं मला येतं!" मी ओरडले. "सुंद्राला न्हाई. तिला कंदीच आलं न्हाई. मला येतं, चौदाव्या वर्सापास्नं! मला वाचवायला ती पडली. आये, सांग समद्यास्नी!"

मला वाटलं, झालं. संपलं.

मग पलीकडं एक म्हातारी खुदकन हसली. तिच्यामागून दुसरी. मग आमचा काठ. हशा वाढत वाढत बाभळीपर्यंत गेला, पाटील मांड्या थापटायला लागला. "काय पाखाळी घातली गं हौसे! समदं आपल्याच अंगावर!" हलगी कडाडली. मी ओरडत होते, "खरं बोलतीया मी! देवाशप्पत! ह्या पाण्याशप्पत खरं!" जितकी शपथ घ्यावी तितकं हसू वाढत होतं. ओढ्यावर कुणी खरं बोलत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. आणि दोन्ही गावांनी गेल्या वर्षी कुणाला पडताना पाहिलं, तेही माहीत होतं. खुद्द अनशाबाई हसली. "वा गं हौसे, आईच्या वर गेलीस!"

मी आईकडं बघितलं. आईही हसत होती. पदर तोंडावर धरून, खांदे हलवून, सगळ्यांना दिसेल अशी. मीच काय ती जवळ होते, आणि मला दिसलं की तिच्या तोंडातून हसण्याचा आवाज येत नव्हता.

राहीआज्जीनं तांब्या ओतला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "धुतलं!"

सूर्य मावळला तेव्हा सुंद्रानं मला गोठ्यामागं बोलावलं. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल. तिनं माझ्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की माझ्या कानातली बुगडी वाकली.

"काय केलंस गं हे? लोकांनी खरं धरलं असतं म्हंजे?"

"तर तू सुटली असतीस, आक्का."

"आन तू? तुजी सासू तितंच बसली हुती! तुला तशीच हिरव्या लुगड्यात ठिवून गेली असती." ती थरथरत होती. मागच्या वर्षी ओढ्यात थरथरली त्याहून जास्त. "मग मी कशापायी पडले गं? ती चप्पल मी कशापायी हुंगली?"

तिनं माझी बुगडी बोटांनी सरळ केली, गालावर उठलेले वळ पदरानं पुसले, जणू ते पुसले जाणार होते, आणि मला दाराकडं ढकललं. आत सासूबाई आईला सांगत होत्या,

"काय बाई खोटं बोलली माजी सून! ऐकनाऱ्याला खरंच वाटावं."